नित्यनेम आणि त्याची राखण

तिन्हीसांजेच्या वेळी गोव्यातील एखाद्या जुन्या वाड्यावरून चालत गेले, तर दोन प्रकारचे आवाज कानी पडतात. एका घरच्या अंगणात तुळशीपुढे दिवा लागलेला असतो आणि ओसरीवर मुले स्तोत्रे म्हणत असतात. दोन घरे पलीकडे खुरसापुढे गुडघे टेकून एक कुटुंब तेर्स म्हणत असते. दोन्हीकडचे शब्द पिढ्यान् पिढ्यांचे, चालही तितकीच जुनी. आणि दोन्हीकडे एखादे तरी मूल जांभई देत असते. हे दोन्ही आवाज आता विरळ होत चालले आहेत. दिवा लागतो, पण त्याच्यापुढे बसायला कोणाला सवड नसते.

मंदिराच्या मंडपात तरुण मंडळींशी बोलणे निघाले की याविषयी ती आम्हांला एक प्रश्न विचारतात. ती देव मानीत नाहीत असे नव्हे. त्यांचे म्हणणे एवढेच, की ज्या दिवशी मन लागत नाही त्या दिवशी ओठ हलवून काय साधते? मनात भाव नसताना प्रार्थना करणे हे देवाशी केलेले ढोंग नव्हे काय? त्यापेक्षा मन उचंबळून येईल तेव्हाच हात जोडावेत, एरवी गप्प बसावे, हे अधिक प्रामाणिक ठरणार नाही काय?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. यांत्रिक जपाची थट्टा आमच्या संतांनी काही कमी केलेली नाही. म्हणून ‘वाडवडील करीत आले, तुम्हीही करा’ एवढ्या उत्तराने आमचे स्वतःचेच समाधान होत नाही. नित्यनेम हा आत्म्याच्या वाढीचा राखणदार आहे, की वाढ खुंटवणारे ओझे आहे, याचा नीट विचार झाला पाहिजे.

आपल्याच घरच्या नेमाचा विचार करू लागलो की आपण एक तर त्याचे वकील होतो, नाही तर फिर्यादी. म्हणून आम्ही येथे शेजारच्या घरचे, म्हणजे ख्रिस्ती उपासनेचे, एक उदाहरण घेणार आहोत. त्याची सुरुवात गोव्यातून होते. परंतु ते घडले दूर जपानात.

हे उदाहरण घेताना आमच्या काही वाचकांच्या मनात एक जुनी कळ उठेल, हे आम्ही जाणतो. १५४० नंतरच्या दशकांत तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या महालांतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा यांना भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेले. ज्या फ्रान्सिस झेवियरचे नाव पुढील कथेत येणार आहे, त्याने स्वतः १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली होती. आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, ते न्यायासन येथे आले. हे विसरून आम्ही लिहीत नाही. परंतु राज्यसत्तेच्या हातातील धर्म आणि एखाद्या झोपडीत गुडघे टेकलेल्या माणसाचा धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या फरकाची जाणीव ज्यांचे देव रात्रीच्या अंधारात नदीपार गेले त्यांना सर्वांत अधिक असली पाहिजे.

झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास आला. हातात घंटी घेऊन ती वाजवीत तो रस्त्याने फिरे, मुलांना जमवी आणि त्यांच्याकडून प्रार्थना घोकून घेई. अर्थ पुढे कळेल, आधी शब्द जिभेवर बसू देत, अशी त्याची रीत होती. १५४८ मध्ये अंजिरो नावाच्या एका जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा गोव्यातच झाला. त्याला सोबत घेऊन झेवियर गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. पुढील साठ-पासष्ट वर्षांत जपानात, विशेषतः नागासाकीच्या परिसरात, ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती झाली.

मग वारे फिरले. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. पाद्र्यांना देशाबाहेर काढले. जे लपून राहिले त्यांना हुडकून मारले. १६४४ मध्ये अखेरच्या पाद्र्याचा अंत झाला. यानंतर त्या भूमीवर पाद्री नव्हता, देऊळ नव्हते, उघड्यावर ठेवता येईल असा एक ग्रंथ नव्हता. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिराच्या वहीत आपले नाव नोंदवावे लागे. नागासाकीत तर वर्षाकाठी एकदा अधिकाऱ्यांपुढे ख्रिस्ताच्या वा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे. नकार दिला तर अटक, छळ आणि मृत्यू.

ही स्थिती दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. नागासाकीजवळच्या उराकामी गावात आणि आसपासच्या बेटांवर शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी या काळात जे केले, तेच आमच्या विचाराचे मुख्य सूत्र आहे. त्यांनी आपापसांत कामे वाटून घेतली. एकाने पंचांग सांभाळायचे, एकाने नवजात बालकांचा बाप्तिस्मा करायचा, एकाने घरोघर निरोप पोहोचवायचे. पंचांगाचे काम सोपे नव्हते. ख्रिस्ती सण सौर गणनेचे आणि जपानातील व्यवहार चांद्र महिन्यांचा. १६३४ सालाच्या एका जुन्या दिनदर्शिकेवरून ते दरवर्षी सणांचे आणि उपवासांचे दिवस काढीत, आणि कोणता वार विश्रांतीचा, हे घरोघर कानात सांगितले जाई. प्रार्थना त्यांनी तोंडपाठ ठेवल्या. त्यांत जपानी शब्द होते, तसेच लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दही होते. प्रार्थनेला लॅटिनमध्ये ‘ओरातिओ’ म्हणतात. त्याचे त्यांच्या तोंडी ‘ओराशो’ झाले. लॅटिन शब्दांचा अर्थ पिढ्यांमागून पिढ्या पुसट होत गेला. म्हणणे मात्र थांबले नाही. करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिची मूर्ती घरात ठेवून ते तिच्या ठायी मारियेला पाहत.

१८६५ मध्ये, परदेशी व्यापाऱ्यांसाठी म्हणून, नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलेले एक चर्च उपासनेसाठी खुले झाले. त्याच वर्षी १७ मार्च रोजी उराकामीची दहा-पंधरा माणसे त्या दारात येऊन उभी राहिली. पेतिझां नावाचा पाद्री प्रार्थना करीत होता. एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. बोलता बोलता त्या लोकांनी आणखी एक गोष्ट सांगितली : सध्या दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा त्या दिवशी खरोखरच सतरावा दिवस होता. दोनशे वर्षांहून अधिक काळ पाद्री नाही, ग्रंथ नाही, जगाशी संबंध नाही, आणि एका दिवसाचीही चूक नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. या लोकांचा नेम मनःपूर्वक होता काय? दोनशे वर्षांतील प्रत्येक रात्री प्रत्येक माणसाचे मन त्या शब्दांत गुंतलेले होते, असे कोण म्हणेल? शेतावर राबून आलेला माणूस झोपेने पेंगतच ओराशो म्हणत असेल. कित्येक शब्द त्याला कळतही नव्हते. आमच्या तरुण मित्रांच्या कसोटीने पाहिले, तर यांपैकी बहुतेक रात्री ढोंगाच्या ठरतील.

परंतु ढोंग म्हणजे काय, हे येथे नीट तपासले पाहिजे. ढोंगाला प्रेक्षक लागतो. जे आपल्यात नाही ते आहे असे दुसऱ्याला भासवणे म्हणजे ढोंग. मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताने ज्यांना दोष दिला, ते लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणारे होते. आणि त्याने शिष्यांना सांगितले ते खोलीचे दार लावून एकांतात प्रार्थना करण्याविषयी. उराकामीच्या लोकांचे दार तर दोनशे वर्षे लावलेलेच होते. पाहणारा कोणी असता, तर तो त्यांच्या जिवावर उठला असता. त्यांनी कोणालाही काहीही भासविले नाही. मन लागत नसतानाही ते बसले, याचा अर्थ त्यांनी भावाचे सोंग आणले असा होत नाही. भाव असो वा नसो, दिलेला शब्द त्यांनी पाळला, एवढाच होतो. आई लेकराला रोज भरविते ते रोज तिला मायेचा उमाळा येतो म्हणून नव्हे, आणि ज्या दिवशी ती थकल्या हातांनी घास देते त्या दिवशी तिने ढोंग केले असे कोणी म्हणत नाही.

येथवर नेमाची बाजू झाली. परंतु याहून कठीण असा दुसरा आक्षेप आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. हीच माणसे वर्षातून एकदा आपल्या प्रभूच्या प्रतिमेवर पाय ठेवीत होती. मग रोजच्या प्रार्थनेला काय किंमत राहिली? रात्री ज्याला वंदावे, त्यालाच दिवसा तुडवावे?

याचे उत्तर त्यांच्या नेमातच दडलेले होते. त्यांच्यापाशी पश्चात्तापाची एक शिकवण परंपरेने आली होती. ‘कोन्चिरिसान’ हे तिचे नाव, पोर्तुगीज शब्दावरून बनलेले. पापाची कबुली ऐकायला पाद्री जवळ नसेल, तर माणसाने मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे त्यात सांगितलेले होते. प्रतिमेवर पाय ठेवून घरी परतल्यावर ते हीच प्रार्थना म्हणत. आपण जे केले ते चांगले होते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली नाही. भीतीपोटी पडलो हे खरे, पण ज्याच्यापुढे पडलो त्याच्याचकडे परत आलो, एवढे ते दरवर्षी स्वतःपाशी कबूल करीत राहिले. आमच्या मते त्यांच्या आत्म्याची खरी राखण झाली ती येथे. माणसाचा नाश एकदा पडल्याने होत नाही; पडणे हेच चालणे आहे असे तो मानू लागतो तेव्हा होतो. रोजचा नेम या माणसांना रोज आठवण देत होता की तुमची जागा ही नव्हे.

आणि या राखणीतून वाढ झाली की नाही, याचा पुरावाही इतिहासाने ठेवला आहे. १८६५ नंतर पाद्र्यांची भेट झाली, तरी बंदी उठली नव्हती. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी आपल्या मृतांचे अंत्यविधी बौद्ध मंदिराकडून करून घेण्यास उघड नकार दिला. धरपकड सुरू झाली. पुढे तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले. उपासमारीने आणि छळाने त्यांतील सहाशेंहून अधिक माणसे मेली. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले तेव्हा उरलेले परतले. ज्यांच्या आजा-पणजांनी दरवर्षी प्रतिमेवर पाय ठेवला, त्यांचीच ही नातवंडे. जे धैर्य आजाला जमले नाही ते नातवाला जमले. ते आकाशातून पडले नाही. आज्याने रोज रात्री पेंगत का होईना, जे बी जपून ठेवले, त्याचाच तो कोंब होता.

परंतु कथा येथेच संपविली तर आम्ही अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. बंदी उठल्यावर सगळेच लपलेले ख्रिस्ती चर्चकडे परतले नाहीत. इकित्सुकी आदी बेटांवर कित्येक घराण्यांनी पूर्वीचाच नेम पूर्वीच्याच रीतीने पुढे चालविला. ‘ओ ग्लोरिओझा’ हे जुने लॅटिन स्तोत्र त्यांच्याकडे ‘गुरुयोझा’ या नावाने गायिले जात राहिले. त्यांच्या दृष्टीने आता तो वाडवडिलांचा ठेवा होता. पूर्वजांनी जे प्राणपणाने जपले ते आपण बदलणे म्हणजे त्यांच्याशी बेइमानी. पुढे तरुण माणसे शहरांत गेली, शब्द पाठ करणारे कमी झाले आणि हे गट लहान होत गेले. २०१८ मध्ये नागासाकी परिसरातील या गुप्त ख्रिस्ती परंपरेच्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या लोकांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. पूर्वजांवरील निष्ठा हीही एक मोठी निष्ठा आहे. तरीही दोन्ही घराण्यांकडे पाहिल्यावर एक गोष्ट मनात ठसते. नेम हा राखणदार आहे. तो शेतकरी नव्हे. आपल्याकडे गावच्या सीमेवर राखणदार असतो. तो वेशीवरून वाईट गोष्टींना आत येऊ देत नाही, रात्री शेतांवरून फेरी मारतो, अशी आपली श्रद्धा. परंतु राखणदाराने शेत नांगरल्याचे कोणी ऐकले आहे काय? नांगरणे, पेरणे, निंदणी करणे हे शेताच्या धन्याचे काम. राखणदार आहे म्हणून धनी घरी झोपून राहिला, तर राखण होईल ती पडीक जमिनीची.

मग या नेमाची निंदणी कशी करावी? ख्रिस्ती परंपरेने यासाठी एक साधन दिले आहे. झेवियरचा गुरू इग्नातियुस लोयोला याने ‘आध्यात्मिक साधना’ नावाचे एक लहान पुस्तक रचले. १५४८ मध्ये पोपने त्यास मान्यता दिली. त्यातील दोन सूचना आम्हांला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की मन कोरडे पडले असेल, देव दूर गेल्यासारखा वाटत असेल, त्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. प्रार्थनेला तासभर बसायचे ठरविले असेल तर अशा दिवशी तासाहून थोडे अधिकच बसावे. कोरड्या मनाला पहिली इच्छा होते ती उठून जाण्याची, आणि एकदा उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी अधिक लवकर उठतो. दुसरी सूचना अशी, की दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, माणसाने स्वतःचा हिशेब घ्यावा : आज कोठे चुकलो, कोणाला दुखविले, कोणत्या देणगीबद्दल आभार मानायचे राहिले. पहिली सूचना नेमाला मोडू देत नाही, दुसरी त्याला मरू देत नाही. उराकामीच्या लोकांनी इग्नातियुसचे पुस्तक वाचलेले नव्हते. परंतु त्यांच्या पंचांगाने पहिले काम केले आणि त्यांच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेने दुसरे.

हे सर्व वाचून आमच्या वाचकांना आपल्या घरचीच आठवण होईल. १७३६ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या घरांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत म्हणून त्यात ज्या गोष्टींना मनाई केली, त्यांत घरच्या आवारातील तुळसही होती. जपानच्या राज्यकर्त्यांना जपमाळेचे भय वाटले आणि गोव्याच्या राज्यकर्त्यांना तुळशीचे! दोन्ही सत्तांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : देवळे पाडता येतात, ग्रंथ जाळता येतात, पण रोज तिन्हीसांजेला एखादी बाई जेथे दिवा लावते, तेथे धर्म पुन्हा उगवतो. सत्ताधीशांना जे कळले, ते आपल्याला कळू नये ही मोठी खेदाची गोष्ट होईल. नदीपार गेलेल्या देवांना देवळे मागाहून मिळाली. तोवर त्यांना सांभाळले ते अनोळखी गावी नेलेल्या त्याच दिव्याने, त्याच वेळी म्हटलेल्या त्याच आरतीने.

आज आपल्या दिव्यावर कोणाची बंदी नाही. पेडण्यापासून काणकोणापर्यंत, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात, कोठेही कोणी आपल्याला दार लावून घ्यायला सांगत नाही. तरीही जे राजसत्तेला साधले नाही ते केवळ कंटाळ्याने साधत आहे. म्हणून आमच्या तरुण मित्रांना आमचे सांगणे असे : मन लागत नाही म्हणून उठू नका. तुमच्या प्रामाणिकपणाला आम्ही मान देतो. पण त्या प्रामाणिकपणाची परीक्षा निराळ्या ठिकाणी घ्या. कोणी पाहत नसते तर मी हा नेम केला असता काय, हे स्वतःला विचारा. आणि नेम आटोपल्यावर दिवा मालविण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारा : आज दिवसभरात माझे पाऊल कोठे पडले? या दोन प्रश्नांची उत्तरे खरी द्याल, तर ज्या दिवशी मन लागणार नाही तो दिवसही फुकट जाणार नाही.

वडीलधाऱ्या मंडळींनाही आमची एक विनंती आहे. मुलांना शब्द पाठ करायला अवश्य लावा. झेवियरने लावले, आपल्या आज्यांनीही लावले. पण त्या शब्दांचा अर्थ सांगण्याचे काम उद्यावर टाकू नका. राखणदारावर शेत सोपवून आपण निश्चिंत झालो, असे होऊ नये.

ओसरीवर एखादे मूल जांभई देत स्तोत्र म्हणत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याच्याबरोबर म्हणा.